रोझमेरी: ताटात, औषधात आणि कुंडीत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गच्चीवर रोझमेरी, म्हणजे सुईसारख्या पानांचं एक सुगंधी झुडूप, लावायला लागल्याला मला बरीच वर्षं झाली. आल्यागेल्याला मी हौसेने फांदी देते, आणि फांदी नेलेलं माणूस चार दिवसांत फोन करतंच. कुणाला ती भाजीत कशी घालायची ते कळत नाही, कुणाला केस वाढवायचे असतात, आणि पावसाळ्यात तर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो. ते सगळे प्रश्न आणि मी देते ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

रोझमेरीला मराठीत काय म्हणतात?

रोझमेरीच. आपल्याकडे तिला रुळलेलं वेगळं नाव नाही, आणि ओढूनताणून बनवायची गरजही नाही. हिंदीत तिला ‘गुलमेंहदी’ म्हणतात, पण तिथे एक घोळ आहे. हिंदीत हेच नाव तेरड्यालाही आहे. माझ्या मावशीने ‘गुलमेंहदी’ लिहिलेलं बियांचं पाकीट मागवलं, मन लावून वाढवलं आणि भाद्रपदात तिच्या कुंडीत गौरीला वाहायचा गुलाबी तेरडा फुलला. तेव्हा नाव वाचून नव्हे, पान चुरडून आणि वास घेऊन घ्या. कापूर, निलगिरी आणि देवदाराचं लाकूड एकत्र केल्यासारखा वास आला की ती रोझमेरी.

लॅटिनमध्ये ‘रोस मारिनुस’ म्हणजे समुद्राचं दव. पोर्तुगीज तिला ‘आलेक्रिम’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘इक्लील’वरून, म्हणजे मुकुटावरून आला.

ही तुळशीच्या कुळातली आहे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा आणि गजऱ्यात ओवतात तो मरवा, ही सगळी भावंडं एकाच कुळातली. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव पूर्वी रोझमरायनस ऑफिसिनॅलिस होतं. २०१७मध्ये शास्त्रज्ञांनी ते बदलून तिला सेजच्या, म्हणजे साल्व्हियाच्या घरात घेतलं. आता ती साल्व्हिया रोझमरायनस. जुन्या पुस्तकांत जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच.

मात्र कूळ एक म्हणून तुळशीच्या कुंडीत तिला लावू नका. तुळशीला रोज पाणी लागतं आणि रोझमेरी रोजच्या पाण्याने मरते.

मूळची कुठली?

भूमध्य समुद्राच्या काठची. स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस आणि पलीकडे मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया इथल्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर ती आपोआप उगवते. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे बागकामाबद्दल जे सांगणार आहे ते सगळं यातून आलेलं आहे.

पान नीट निरखलंत तर हा देश त्यातच दिसतो. सुईसारखं बारीक पान, कडा खाली वळलेल्या, पाठीवर पांढरी लव. पाणी उडून जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. वास येतो तो पानावरच्या सूक्ष्म तेलग्रंथी फुटल्यामुळे.

भारतात निलगिरीच्या डोंगरांत तिची शेती होते. लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने ‘सिम-हरियाली’ नावाचा वाणही काढला आहे.

स्वयंपाकात कशी वापरायची? भाजीत घातली तर औषधासारखी लागली.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. औषधासारखी लागली याचा अर्थ जास्त पडली, किंवा नुसत्या पाण्यात शिजली. रोझमेरीचा वास तेला-तुपात उतरतो. आपण फोडणीत कढीपत्ता घालतो त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे. फक्त कढीपत्ता कडकडीत तेलात टाकतो, आणि रोझमेरी तशी टाकली तर क्षणात करपून कडू होते. तेल कोमट असतानाच फांदी घाला, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा, घमघमाट सुटला की फांदी बाहेर काढा. मग त्या तेलात बटाटे, मशरूम, भोपळा, पनीर, जे असेल ते परता. पान दाताखाली आलं तर काडीसारखं टोचतं, म्हणून पानं घालायचीच असतील तर अगदी बारीक चिरा. चार माणसांच्या भाजीला बोटभर लांबीची एक फांदी पुष्कळ झाली. वाळलेली असेल तर एक मोठा चमचा ताज्या पानांऐवजी एक छोटा चमचा घ्या.

इटलीत तिच्याशिवाय भाजलेले बटाटे होत नाहीत, फोकाचा नावाच्या जाड रोटीवर ती मीठ आणि ऑलिव्हच्या तेलाबरोबर पडते, आणि मटण-डुकराच्या मांसाला तर ती हवीच. पण मराठी माणसाला ती जवळची वाटेल ती एका वेगळ्याच पदार्थातून. जेनोवा आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावर ‘फारिनाता’ करतात, टस्कनीत त्यालाच ‘चेचिना’ म्हणतात. हे चक्क हरभऱ्याच्या पिठाचं धिरडं आहे. एक वाटी पीठ, तीन वाट्या पाणी, मीठ. चार तास तरी ठेवायचं, वर आलेला फेस काढून टाकायचा, ऑलिव्हचं तेल सढळ हाताने घालायचं आणि पसरट तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वरून रोझमेरी आणि मिरपूड. मी ते घरच्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर, कडा तांबूस होईपर्यंत भाजते. ओव्हन नसेल तर पाणी कमी करून बिडाच्या तव्यावर नेहमीसारखं धिरडं घाला, पिठात अर्धा चमचा बारीक चिरलेली रोझमेरी आणि एक ठेचलेली लसणाची पाकळी घाला. पिठल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. माझ्या सासूबाईंनी पहिल्या घासाला नाक मुरडलं होतं आणि मग तीन धिरडी खाल्ली.

बेसनाशी जमतं तसंच तिचं अख्ख्या हरभऱ्याशी, चवळीशी, पांढऱ्या राजम्याशीही जमतं. इटालियन लोक हरभरे शिजवतानाच पाण्यात एक फांदी टाकतात.

कशात घालू नये?

गोडा मसाला, नारळाचं वाटण, चिंच-गूळ जिथे आहे तिथे नको. दोन्ही वास तगडे, कुणीच मागे सरत नाही. आमटीत मी दोनदा घालून पाहिली, दोन्ही वेळा आमटी बिघडली. कोथिंबिरीसारखी वरून भुरभुरवायचीही नाही. ती शिजवायची असते.

वेफरच्या पाकिटावर ‘रोझमेरीचा अर्क’ लिहिलेलं असतं, तो कशाला? चव तर लागत नाही.

चवीसाठी नसतोच तो. रोझमेरीत कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसोल ही द्रव्यं असतात, ती तेल-चरबी खवट होऊ देत नाहीत. वास काढून टाकलेला हा अर्क युरोपात २०१०पासून ई-३९२ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरायला मान्यता आहे. उन्हाळी प्रदेशांतल्या लोकांनी मांसाला रोझमेरी चोळायची पद्धत फार पूर्वीच पाडली होती.

लसूण आणि ताजी रोझमेरी तेलाच्या बाटलीत घालून ओट्यावर ठेवू का? फार सुंदर दिसते.

नको. कृपा करून नको. ताज्या पानांत आणि लसणीत पाणी असतं, त्यांच्यावर मातीतले जिवाणू असू शकतात, आणि तेलाखाली हवा पोचत नाही. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूला अगदी असंच घर लागतं. तेलाला वास येत नाही, चव बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. लोणच्याचं उदाहरण देऊन वाद घालतात माझ्याशी, पण लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, इथे दोन्ही नाही. पूर्ण वाळलेली पानं वापरा, किंवा ताज्या पानांचं तेल थोडंच करून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

ही आयुर्वेदिक आहे का?

नाही. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती नाही, कारण ती या मातीतली नव्हती. बाटलीवर ‘प्राचीन आयुर्वेदिक रोझमेरी’ असं छापलेलं असेल तर विकणाऱ्याला एक तर माहीत नाही, किंवा माहीत असून छापलं आहे. तिची औषधी परंपरा युरोपातली आणि अरबांची आहे, आणि ती स्वतःच पुरेशी जुनी आहे. युरोपात काही शतकं ‘हंगेरीच्या राणीचं पाणी’ नावाचा मद्यार्कातला रोझमेरीचा अर्क प्रसिद्ध होता, अंगाला चोळायला आणि प्यायलाही.

मग औषध म्हणून नक्की कशाला चालते?

युरोपीय औषध संस्थेने रोझमेरीच्या पानांना ‘पारंपरिक वापर’ या सदरात दोन गोष्टींसाठी जागा दिली आहे. पोटात घेतल्यास अपचन आणि पोटातली सौम्य मुरड, आणि आंघोळीच्या पाण्यात घातल्यास स्नायू-सांध्यांचं किरकोळ दुखणं व हातापायांतल्या रक्ताभिसरणाच्या बारीकसारीक तक्रारी. ‘पारंपरिक वापर’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्याचा दाखला आहे, पक्क्या चाचण्यांचा नव्हे. मधुमेह, कर्करोग, थायरॉइड यांवर रामबाण म्हणून जे निरोप फिरतात त्यांना मी उत्तरच देत नाही. त्यातली पुष्कळशी कामं काचपात्रातल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेली असतात.

काढा कसा करायचा?

काढा नव्हे, फांट, म्हणजे न उकळता गरम पाण्यात मुरवायचं. आपल्या चहासारखी उकळलीत तर कडू होईल आणि सुगंधी तेल वाफेबरोबर निघून जाईल. एक ते दोन ग्रॅम वाळलेली पानं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, कपात घ्या. त्यावर १५० मिली उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं. दहा मिनिटांनी गाळा. जड जेवणानंतर पोट तट्ट झालं असेल तर मला याने बरं वाटतं. सोबत आल्याची चकती चालते, दूध चालत नाही.

एक गोष्ट बायकांना मुद्दाम सांगते. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, ज्या लोहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी हा चहा जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर घेऊ नये. रोझमेरीतली द्रव्यं वनस्पतींतलं लोह अंगी लागू देत नाहीत, साध्या चहासारखीच. दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा.

कुणी घेऊ नये?

भाजीत घातलेली रोझमेरी बहुतेक सगळ्यांना चालते. पुढचं सगळं चहा, अर्क आणि तेल यांच्याबद्दल आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी औषधी प्रमाणात घेऊ नये. फिट्स येणाऱ्यांनी सुगंधी तेलापासून (बाटलीत मिळणारं इसेन्शियल ऑइल, घरी फांदी घालून केलेलं तेल नव्हे) लांब राहावं, कारण त्यात कापूर असतो आणि कापराने झटका येऊ शकतो. पित्ताशयात खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी विचारा. तान्ह्या आणि लहान मुलांच्या नाकाला, छातीला हे तेल लावू नका, श्वास अडकू शकतो. सर्दी झाली म्हणून आपल्याकडे कापूर चोळायची सवय आहे, त्याच हाताने लोक हेही लावतात, म्हणून इतकं बजावून सांगते. आणि सुगंधी तेल कुणीच पिऊ नये, एक थेंबही. औषधी दर्जाच्या एक किलो वाळलेल्या पानांतून किमान १२ मिली तेल निघावं लागतं, त्यावरून एका थेंबात किती पानं आहेत याचा अंदाज करा.

केस खरंच वाढतात का?

दर तीन फोनांतला एक यासाठी असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्याचा सगळीकडे दाखला देतात तो अभ्यास इराणमधला, २०१५चा आहे. आनुवंशिक केसगळती असलेले १०० जण घेतले. ५० जणांना रोझमेरीचं तेल, ५० जणांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या थोडी वाढली आणि दोन्ही गट सारखेच राहिले. यावरून ‘मिनॉक्सिडिलइतकंच गुणकारी’ अशी हाकाटी झाली. पण तिसरा गट, ज्याला साधं तेल लावून पाहिलंय असा, त्यात नव्हताच. शिवाय हल्ली पुरुषांना बहुधा ५ टक्के मिनॉक्सिडिल देतात, २ नव्हे. त्याआधी १९९८मध्ये स्कॉटलंडमध्ये चाईवर, म्हणजे डोक्यावर गोल चकत्या पडतात त्यावर, ८६ जणांचा अभ्यास झाला होता. थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सिडार यांचं मिश्रण रोज चोळणाऱ्यांपैकी ४४ टक्के सुधारले, नुसतं साधं तेल चोळणाऱ्यांपैकी १५ टक्के. आशा वाटावी असा आकडा आहे, पण तो चार तेलांचा मिळून आहे आणि आजारही वेगळा.

माझं मत असं: लावायचं असेल तर लावा, सहा महिने धीर धरा, चमत्काराची वाट पाहू नका. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सुगंधी तेलाचे ६ ते १० थेंब, त्याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. केस मूठमूठ गळत असतील तर आधी रक्त तपासा. लोह, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप, यांतलं काही कारण असेल तर कोणत्याही तेलाने ते जाणार नाही.

आणि ते रोझमेरीचं पाणी?

पानं उकळून फवारायचं ते. वास छान येतो, डोक्याला तजेला वाटतो. पण सुगंधी तेल पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे तेलावरच्या अभ्यासाचा दाखला या पाण्याला देता येत नाही. केलंत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात फेकून द्या.

मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत ठेवली तर लक्षात राहतं का?

रोझमेरी आणि आठवण यांचं नातं युरोपात फार जुनं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये ओफिलिया आठवणीसाठी म्हणून रोझमेरी देते. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलच्या अँझॅक दिनाला लोक युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ कोटावर तिची फांदी लावतात, कारण जिथे ते सैनिक पडले त्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ती रानोमाळ उगवते. मला हे सगळ्या औषधी गुणांपेक्षा जास्त भावतं.

आता प्रयोगांकडे येऊ. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २००३मध्ये १४४ जणांवर केलेल्या प्रयोगात रोझमेरीच्या वासात बसलेल्यांची स्मरणाची गुणवत्ता वाढली, पण आठवण्याचा वेग मंदावला. २०१२मध्ये २८ वृद्धांना वाळलेल्या पानांची पूड देऊन पाहिली. ७५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण जेवणात जाते तेवढी, दिली तेव्हा आठवण्याचा वेग सुधारला. ६,००० मिलिग्रॅम दिली तेव्हा उलट बिघडला. चिमूटभर चांगली आणि मूठभर वाईट, हे आपल्या आज्यांना कुणी सांगायला नको होतं. मुलांच्या खोलीत कुंडी खुशाल ठेवा, पण खिडकीशी, कारण उन्हाविना झाड जगणार नाही.

डास पळतात का?

कुंडी ठेवून नाही. पान चुरडेपर्यंत तेल बाहेरच येत नाही, आणि आलं तरी लवकर उडून जातं. मच्छरदाणी लावा.

पावसाळ्यात माझं झाड वाळलं. रोज पाणी घालत होते तरी!

घालत होता म्हणूनच वाळलं. महाराष्ट्रात रोझमेरीच्या मरणाचं हे पहिलं कारण आहे आणि माझीही दोन झाडं अशीच गेली. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून शेंडे वाळतात. शेंडे वाळले म्हणून आपण आणखी पाणी घालतो. तुळस तहानली की मान टाकते, ही टाकत नाही. ती ताठ उभी राहते आणि पान झडायला लागतं तेव्हा वेळ गेलेली असते.

वर सांगितलं ते आठवा. तिच्या देशात ऊन असतं तेव्हा पाऊस नसतो, आणि पाऊस पडतो तेव्हा थंडी असते. आपल्याकडे उकाडा, दमट हवा आणि धो-धो पाऊस एकाच वेळी येतात. तेव्हा जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी छपराखाली आणा, पण वारा आणि उजेड येईल अशा जागी, कोपऱ्यात कोंडू नका. बोट दोन पेरं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात मी आठ-दहा दिवसांतून एकदा घालते. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, आतल्या दाट फांद्या विरळ करा, वारा खेळू द्या.

माती हा दुसरा घात. काळी माती अजिबात नको. नर्सरीतून येणारं रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, ते आठवड्यात बदला, नाहीतर मुळांशी ओला गोळा राहतो. माझं मिश्रण: दोन भाग लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग जुनं शेणखत. मातीची भाजलेली कुंडी, तळाला मोठं भोक, खाली ताटली नको. रोज सहा तास ऊन. कोकणात आणि मुंबईत जपणं जास्त कठीण आहे. तिथे मी लोकांना सांगते की एक झाड लावू नका, पावसाआधी दोन-तीन काड्या करून ठेवा.

काडी कशी लावायची? बी पेरली, एकही उगवली नाही.

बी हट्टी असते, उगवली तरी महिनोन्‌महिने रांगते. त्या नादी लागू नका. दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, कोवळी पण वाकवली तर लवणारी दहा-बारा सेंटिमीटरची फांदी घ्या. खालच्या निम्म्या भागाची पानं काढा. ओलसर वाळूत खोचा, सावलीत पण उजेडात ठेवा. साध्या पाण्याच्या ग्लासातही मुळं फुटतात, पाणी मात्र दोन दिवसांनी बदला. चार ते आठ आठवडे लागतात. ओढून बघायचा मोह आवरा, शेंड्याला नवी पालवी दिसली की मुळं धरली असं समजा.

छाटताना हिरवा भागच छाटा. खालचं पानं नसलेलं लाकूड कापलंत तर तिथून पुन्हा फूट येत नाही. आणि छाटलेल्या फांद्या टाकू नका, सावलीत उलट्या टांगा. आठ-दहा दिवसांत कडक वाळतात, मग पानं ओरबाडून काचेच्या बरणीत भरा. उरलेल्या काड्या वांगं किंवा पनीर भाजायला सळया म्हणून घेता येतात.